दुपारी दोन ते चार

२ फेब्रुवारी

प्रिय बडबडे,

तुझं पत्र पोचलं. पाकीट एवढं जाड होतं की पोस्टमन जिना चढून वर आला आणि हातात देऊन गेला. एरवी तो खाली बेकरीच्या काउंटरवर टाकतो आणि मग माझ्या पत्रांना पावाचा वास लागतो.

बाबा कसे आहेत, असं तू विचारलंस. ते तुला नुसतं ‘मी बरा आहे, तू बरी राहा’ एवढंच लिहितात म्हणून तुझा जीव टांगणीला लागला आहे. अगं, तुझा बाप शिंपी आहे. तो कापड वाया घालवत नाही तसा शब्दही घालवत नाही. दादा खरंच बरा आहे. खोकला आहे, पण सुका. जेवण झालं की थोडा वेळ मशीन चालते, मग मोठ्याने मोजत हाताने काजं करत बसतो. चष्मा नवा केलाय वाटतं, कारण हल्ली सुई ओवताना स्वतःला शिव्या देत नाही.

आता तू म्हणशील, अकरा वर्षं तुम्ही दोघं बोलत नाही, तू आमच्या उंबऱ्याला पाय लावत नाहीस, मग तुला हे कुठून कळलं. गाव लहान आहे बाळा. बातम्या आपल्या पायांनी चालत येतात.

माझी बातमी अशी की तारेचा रेडिओ या महिनाअखेर बंद होतोय. तुझ्या छापखान्यातल्या मैत्रिणी हसल्या म्हणे, रेडिओ काय तारेतून येतो का? त्यांना नीट सांग. मोठा रेडिओ एकच, माझ्या खोलीत. तो हवेतला कार्यक्रम पकडतो, मी त्याला बळ देऊन तारेवर चढवतो, आणि तार खांबांवरून, भिंतींवरून गल्लोगल्ली जाते. लोकांच्या घरी नुसती लाकडी पेटी. तिला एक गुंडी: आवाज कमी नाहीतर जास्त. ज्यांना रेडिओ विकत घेणं झेपत नव्हतं त्यांनी एकतीस वर्षं याच पेटीतून जग ऐकलं. पण आता खिशात मावणारे रेडिओ आलेत. मालक त्याच खांबांवरून टीव्हीची जाड तार नेणार आहेत. त्यासाठी नवी माणसं येतील, शिकलेली. मी त्यांना खांब कुठे कुठे डुगडुगतात ते दाखवून दिलं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात दोनशे बारा पेट्या घराघरांतून काढून आणायच्या आहेत. मी आणि माझ्या जोडीदाराने यादी वाटून घेतली. तुमची गल्ली त्याच्याकडे दिली. का ते तुला सांगायला नको.

थंडी अजून आहे. रात्री पंखा लावून झोपू नकोस, छाती भरेल.

तुझा
तारवाला काका


६ फेब्रुवारी

काका,

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि जेवायचं राहिलं.

मी थंडीत पंखा लावून झोपते हे या जगात फक्त एका माणसाला ठाऊक आहे. मागच्या महिन्यात मी बाबांना लिहिलं होतं की लहानपणापासून तुमच्या मशीनची घरघर ऐकत झोपायची सवय, इथे खोली इतकी शांत की डोळा लागत नाही, म्हणून पंखा लावते आणि दोन पांघरुणं घेते. बाबांनी त्यावर नेहमीप्रमाणे ‘बरी राहा’ लिहिलं. आणि तू मला सांगतोस, पंखा लावू नकोस.

दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधते मी. प्रूफं तपासणाऱ्या मुलीसमोर तोंडात मिठाची गुळणी धरून बसता येईल असं वाटलं का तुम्हा दोघांना? म्हणजे तुम्ही बोलायला लागलात. कधीपासून? आधी कोण बोललं? मला अंदाज आहे, तूच. बाबा वाकतील पण आधी बोलणार नाहीत.

मी आजच बाबांना पत्र टाकलं. लिहिलं की काकाने नकळत सगळं फोडलं आहे, आता लपवू नका, आणि मला किती बरं वाटतंय ते दोन पानं भरून लिहिलं. ऑफिसात सगळ्यांनी विचारलं, आज एवढी खूश का? म्हटलं, माझ्या घरचा अबोला सुटला.

लवकर लिही. सगळं सांग. अगदी कोण कुठे बसलं होतं तेसुद्धा.

तुझी
बडबडी


१५ फेब्रुवारी

काका,

नऊ दिवस झाले, तुझं उत्तर नाही. बाबांचं आलं. त्यात चक्क तीन वाक्यं आहेत. ‘मी कोणाशी बोललेलो नाही. तुझी पत्रं कपाटात कुलपात असतात. ती कोणी वाचली ते मला कळव.’

ते पत्र मी दोनदा वाचलं. मग मी तुझं पत्र पुन्हा काढलं आणि पेन्सिल घेऊन बसले, कामावर बसते तशी. सुका खोकला. मशीन. शिव्या. त्याखाली रेघा मारल्या. काका, तू बाबांबद्दल लिहिलेली एकही गोष्ट पाहिलेली नाही. सगळ्या ऐकलेल्या आहेत. त्यात एकही रंग नाही. बाबांनी मागच्या वर्षी खिडक्यांना हिरवे पडदे शिवले, मशीनवर आईचा फोटो ठेवला. गावातल्या कुणी येऊन सांगितलं असतं तर हे आधी सांगितलं असतं.

माझ्या बोलण्याने बाबा आता घरात कुलूप तपासत बसले असतील. म्हाताऱ्या माणसाच्या मनात मी किडा सोडला.

खरं सांग. तुला कसं कळलं?


१८ फेब्रुवारी

प्रिय बडबडे,

तीन पत्रं लिहून फाडली. हे चौथं.

तू लहान असताना विचारायचीस, पेटीत एवढी मोठी बाई मावते कशी? तेव्हा मी पेटी उघडून दाखवली होती. आत कागदाचा पडदा, मागे लोहचुंबक. तारेतून कार्यक्रम आला की पडदा थरथरतो, तोच आवाज. पण एक गोष्ट तेव्हा सांगितली नव्हती. तो पडदा उलटंही काम करतो. माझ्याकडून कार्यक्रम बंद असला आणि खोलीत कोणी बोललं, तर पडदा त्या बोलण्यानेही हलतो, आणि ती थरथर तारेवरून परत माझ्यापर्यंत येते. अगदी बारीक. हेडफोन लावला तरच कळते.

दुपारी दोन ते चार आपला कार्यक्रम नसतो. तेव्हा मी तारा तपासतो. फळीवर प्रत्येक गल्लीची एक खुंटी आहे, तिथे हेडफोन जोडायचा आणि कुठे खरखर येते का ते ऐकायचं. गल्लीच्या तारेवर चाळीस घरांचा कालवा येतो, काही उमगत नाही. पण तुमच्या घराची तार वेगळी आहे. गावातली पहिली पेटी मी दादाकडे लावली होती, हे जमतं का ते बघायला, आणि तिची तार थेट इथून ओढली होती. पुढे गल्लीला सात नंबरची तार आली, तरी तुमची तशीच राहिली. तिचा नंबर एक.

दोन वर्षांपूर्वी एका दुपारी एक नंबर तपासत होतो आणि कानात खोकला आला. अगं, एका अंथरुणात वाढलो आम्ही, तो खोकला मी ओळखणार नाही? तार तपासायला दोन मिनिटं लागतात. मी चार वाजेपर्यंत बसलो.

पहिला दिवस कामाचा म्हणून सोडून दे. दुसऱ्या दिवशी काहीच काम नव्हतं. तरी बसलो. मग रोज.

दादा तुझी पत्रं मोठ्याने वाचतो. नवं नसलं तर जुनं. मध्येच थांबून म्हणतो, ‘ऐकलंस का?’ तो मशीनवरच्या तुझ्या आईच्या फोटोला विचारतो, हे मला आत्ता तुझ्या पत्रावरून कळलं. मी आपला उगाच दचकायचो. त्याने पेटी कधी काढून टाकली नाही, याचाही मी मला हवा तसा अर्थ लावून घेतला.

तो दिवस तू विसरली नसशील. फुटबॉलचा अंतिम सामना होता. दादाने रेडिओ थांबवायला सांगितलं आणि मी म्हणालो, चाळीस घरं ऐकतायत, आता नाही. चाळीसच्या चाळीस पेट्या पूर्ण आवाजात होत्या आणि गल्लीतल्या भिंती पत्र्यासारख्या पातळ. गोल झाला, सगळी गल्ली ओरडली. तेव्हा तुझ्या आईला जाऊन दहा मिनिटं झाली होती. मी पोचलो ते सामना संपवून, यंत्रं नीट बंद करून. दादा दारात उभा होता. म्हणाला, ‘कोण जिंकलं?’ त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही.

मला त्याचा आवाज ऐकायचा होता, एवढंच. पण कुणाच्या घरात न विचारता शिरणं ते शिरणंच, पायाने शिरा नाहीतर कानाने.

काका


२१ फेब्रुवारी

काका,

मी रागावले आहे. इतकी की काल तीन पानांची प्रूफं तशीच गेली.

मी बाबांना काय काय लिहिलंय ते आठवत बसले. इथे आले तेव्हा पहिले सहा महिने रोज रडायचे, ते. ज्याच्याशी लग्न ठरत होतं त्याने का मोडलं, ते. ते बाबांना लिहिताना मला चार दिवस लागले होते. ते तुझ्यासाठी नव्हतं. तू माझा लाडका काका आहेस, तरीही नव्हतं. बाबांना हे तू सांगायचं आहेस. आठवड्यात सांगितलं नाहीस तर मी सांगेन.

इथे सही करून पत्र बंद करणार होते. पण तुझ्या पत्रातली एक ओळ डोळ्यांपुढून हलेना. ‘दादाने रेडिओ थांबवायला सांगितलं.’ बाबा कुठे आले होते काका? मी आले होते. चौदा वर्षांची, बेकरीचा जिना पळत चढून. बाबांनी मला काय सांगून पाठवलं होतं ते तुला माहीत नाही. ते म्हणाले होते, ‘काकाला सांग, आईची शेवटची घटका आहे. रेडिओ थांबव आणि तसाच ये.’

मी तुझ्या दारात उभी राहिले आणि म्हणाले, ‘बाबांनी सांगितलंय, रेडिओ जरा थांबव.’ एवढंच. पुढचं माझ्या तोंडातून निघेना. बोलले तर ते खरं होईल असं वाटलं. तू म्हणालास, आता नाही गं, चाळीस घरं आहेत, आणि मी मान हलवून खाली उतरले. घरी सांगितलं, काका नाही म्हणाला.

म्हणजे तुला माहीतच नव्हतं. आणि अकरा वर्षांत तू बाबांना एक वाक्य सांगू शकत होतास: पोरीने मला काही सांगितलंच नाही. तू सांगितलं नाहीस.

माझा राग आहे तसाच आहे. पण आता तो कुठे ठेवावा ते मला कळत नाही.


२२ फेब्रुवारी

दादा,

एकाच गावात राहून पोस्टाने लिहितोय, कारण दारात उभं राहायचा धीर नाही.

पोरीची पत्रं कोणी वाचली असं तू तिला विचारलंस. कुणी वाचली नाहीत. तू वाचलीस आणि मी ऐकली. तुझ्या घरातली पेटी दुपारी कार्यक्रम बंद असताना उलटी चालते, तिच्यातून इथे ऐकू येतं. दोन वर्षं मी ऐकत होतो. तुझं कुलूप शाबूत आहे, माझंच शाबूत नाही.

आज एक नंबरची खुंटी काढून ठेवली. आता ती फक्त कार्यक्रम चालू असतानाच लावीन. हेडफोन जोडीदाराच्या हवाली केला. तो विचारत होता, तारा कशा तपासणार? म्हटलं, सहा दिवस राहिलेत, नाही तपासल्या तरी चालतील.

माफी मागत नाही. तुला काय करायचं ते कर.

धाकटा


२७ फेब्रुवारी

प्रिय बडबडे,

दादाला लिहिलं. पाच दिवस झाले, उत्तर नाही. ते येईल असं धरून लिहिलंही नव्हतं.

तुझ्या पत्रातल्या गोष्टीबद्दल आधी बोलतो. तू म्हणतेस मला माहीत नव्हतं. अगं, तू दारात उभी होतीस तेव्हा तुझ्या एका पायात चप्पल होती आणि दुसरा अनवाणी. ते मला दिसलं होतं. मी फळीकडे तोंड फिरवलं. शिवाय दादाने उभ्या जन्मात माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा मागितलं, तेही फार तर एका तासाची शांतता. कारण विचारायची गरजच काय होती? म्हणून ते वाक्य मी दादाला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने मला सोडलं असतं आणि तुला धरलं असतं. चौदा वर्षांच्या पोरीने ते कुठे ठेवलं असतं?

आता कालचं सांगतो. काल शुक्रवार. चार ते पाच मालिकेचा शेवटचा भाग होता, आठ महिने चाललेली, गावात बायाबापड्या काम टाकून ऐकतात. तिचं निवेदन सुरू झालं आणि मी उठून एक नंबरची आणि सात नंबरची, अशा दोन खुंट्या काढल्या. बाकी गाव ऐकत होतं, तुमची गल्ली गप्प. एकतीस वर्षांत मी चालू कार्यक्रम कधी तोडला नव्हता. खुंट्या खिशात घालून ठेवल्या, उगाच परत लावीन म्हणून.

पाच मिनिटांत जिन्यावर पावलं. तुमच्या शेजारच्या मास्तरीणबाई, गुडघे धरत वर आल्या. त्यांच्यामागे आणखी चार-पाच जण. मला वाटलं आता माझी चामडी सोलणार. पण बाई दारात थांबल्या आणि हळूच म्हणाल्या की आम्ही भांडायलाच निघालो होतो, तर तुझा भाऊ दारात येऊन उभा राहिला. अकरा वर्षांत त्याने माझं नाव काढलेलं त्यांनी ऐकलं नव्हतं. तो सगळ्यांना म्हणाला,

‘तार तुटलेली नाही. माझ्या धाकट्याने बंद ठेवलीय. पाच वाजता येईल.’

आणि दार लावून आत गेला.

बाई जिन्याच्या वरच्या पायरीवर बसल्या. मग म्हणाल्या, ‘त्या दिवशी गोल झाल्यावर मी पण ओरडले होते.’ बाकीचे खाली बेकरीपाशी जाऊन उभे राहिले. शेवटच्या भागात काय झालं ते कुणीच विचारलं नाही. मी फळीसमोर बसून होतो. एक नंबरचं भोक मोकळं, समोर. हेडफोन जोडीदाराच्या कपाटात होता आणि किल्ली कुठे असते ते मला ठाऊक होतं. त्या तासात तुमच्या घरात दादा काय बोलला, रडला की नुसता बसला, मला माहीत नाही. माहीत नसू दे. घड्याळाच्या काट्याकडे बघत पाच वाजवले आणि दोन्ही खुंट्या जागेवर लावल्या. तेव्हा बातम्या लागल्या होत्या.

मालकांनी संध्याकाळी बोलावून विचारलं, हे काय केलंत. म्हटलं, राहिलेलं एक काम होतं. उद्या शेवटचा दिवस, त्यामुळे रागावूनही त्यांना काही मिळण्यासारखं नव्हतं.

तुझा राग तुझ्याकडेच ठेव. तो तुझा हक्काचा आहे. एवढंच कर, तू दादाला जे सांगणार असशील त्यात स्वतःला फार ओढू नकोस. पोर होतीस तू.

काका


२ मार्च

धाकट्या,

तुझं पत्र मिळालं होतं. दोन दिवस रागाने हात चालेना. एका गिऱ्हाइकाच्या सदऱ्याला बाह्या उलट्या लावल्या, उसवून पुन्हा केल्या. तीस वर्षांत असं झालं नव्हतं.

शुक्रवारचा तास पोचला. ती असती तर तिला आवडलं असतं.

पोरीचं पत्र आलंय, चप्पल घसरल्यापासून पुढचं सगळं आहे त्यात. हे पत्र मी मनात वाचलं. अकरा वर्षं तू हे गिळून का बसलास, ते मला तुझ्या तोंडून ऐकायचं आहे. तारेने नको, चिठ्ठीने नको.

तुझा जोडीदार काल पेटी काढायला आला होता. त्याला चहा देऊन परत पाठवला. ते स्क्रू तू बसवलेस, तूच काढायचे. गंजलेत, येताना तेल आण.

दुपारी दोन ते चारमध्ये ये. तेव्हा मी घरी असतो, हे तुला सांगायची गरज नाही.

दादा